'तिकडची माणसं तशीच असतात' हे कितपत खरं?

दर थोड्या दिवसांनी एक नकाशा फिरत फिरत आपल्यापर्यंत येतो. जगातले सगळ्यात लाजाळू देश, सगळ्यात कष्टाळू देश, सगळ्यात चिडके देश, सगळे वेगवेगळ्या रंगांत रंगवलेले. बघणारा प्रत्येक जण आधी आपला देश कुठल्या रंगात आहे ते शोधतो, रंग बरा निघाला की फॉरवर्ड करतो, नाही निघाला की "कुठून आणतात हे असले आकडे" म्हणून पुढे सरकतो. मी पण हेच करायचो. मग एकदा खरंच हे आकडे येतात कुठून ते वाचायला बसलो आणि जे सापडलं ते नकाशापेक्षा जास्त मजेशीर होतं.

कल्पना तशी जुनीच. हवापाण्यावरून माणसाचा स्वभाव ठरतो हे प्राचीन ग्रीक वैद्यसुद्धा सांगायचे. अठराव्या शतकात मॉन्तेस्क्यू नावाच्या फ्रेंच विचारवंताने त्याचा जवळजवळ सिद्धांतच करून टाकला, की थंडीतली माणसं शांत आणि उन्हातली भावनेच्या भरात वाहणारी. १९९६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६ देशांतल्या जवळपास २,९०० कॉलेजच्या पोरांना विचारलं, तुमच्या देशात उत्तरेकडचे लोक भावना जास्त दाखवतात की दक्षिणेकडचे? उत्तर गोलार्धातल्या बऱ्याच देशांत उत्तर एकच आलं, दक्षिणेकडचे. आता गंमत बघा, नकाशावर एका देशाची 'थंड डोक्याची' उत्तर बाजू दुसऱ्या देशाच्या 'गरम डोक्याच्या' दक्षिणेच्याही खाली येते, पण तिथल्या लोकांना त्याचं काही नसतं, ते आपल्याच देशात वर-खाली बघून बोलत असतात. ही 'कोणाच्या तुलनेत' वाली भानगड लक्षात ठेवा, पुढे सारखी लागणार आहे.

आधी हे सांगा, स्वभाव मोजतात कसा?

वजनकाट्यासारखं काही नसतं. सुरुवात झाली ती चक्क डिक्शनरीपासून. विचार असा होता की माणसामाणसांत जो फरक महत्त्वाचा आहे त्याला भाषेत कुठेतरी शब्द तयार झालेला असणारच. म्हणून १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघांनी एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी पिंजून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेगळे काढले. पुढच्या लोकांनी ते गाळत गाळत, कुठले शब्द एकमेकांबरोबर फिरतात ते गणिताने बघत बघत पाच गठ्ठ्यांपर्यंत आणले. त्यांना बिग फाइव्ह म्हणतात. नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखपणा, मनमिळाऊपणा आणि चिंतातुरपणा. या पाचांपैकी प्रत्येक गोष्ट प्रत्येकात असते, कमी किंवा जास्त. म्हणजे हे पाच प्रकारचे लोक नव्हेत, प्रत्येक माणसाच्या अंगातले पाच नळ आहेत असं समजा, कोणाचा कुठला किती उघडा एवढाच प्रश्न.

आणि नळ किती उघडा आहे ते कळतं कसं, तर तुम्हालाच विचारून. "मी माझी कामं वेळेवर करतो" असं एक वाक्य देतात आणि १ ते ५ मध्ये किती पटतं ते सांगायचं. अशी पाच-पन्नास किंवा शंभर-सव्वाशे वाक्यं, त्यांची बेरीज म्हणजे तुमचा स्कोअर, आणि एका देशातल्या हजारो लोकांच्या स्कोअरची सरासरी म्हणजे त्या देशाचा रंग. नकाशा तयार.

मग फरक निघतो की नाही?

निघतो. पण किती निघतो हे नकाशा कधीच सांगत नाही, कारण रंग फिका असो नाहीतर गडद, डोळ्याला सीमारेषेवर एकदम काहीतरी बदलल्यासारखं वाटतंच.

२०१७ मध्ये पेत्री कायोनियस आणि एरिक मॅक जिओला यांनी २२ देशांतल्या १,३०,६०२ लोकांची उत्तरं तपासली. माणसामाणसांच्या स्वभावात जो काही फरक दिसतो तो सगळा १०० धरला तर त्यातला देशामुळे आलेला भाग किती? सरासरी २ पेक्षाही कमी. उरलेले ९८ देशाच्या आतलेच, म्हणजे एकाच बिल्डिंगमध्ये, एकाच घरात, सख्ख्या भावंडांत दिसतात तसले फरक. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात ना, ते आकड्यात असं दिसतं. डोळे मिटून वेगवेगळ्या देशांतले दोन जण उचला आणि एकाच देशातले दोन जण उचला, पहिली जोडी दुसरीपेक्षा नावालाच जास्त वेगळी निघेल.

आता माझी एक शंका आहे या अभ्यासावर, ती इथेच सांगतो. ही टेस्ट ऑनलाइन होती आणि इंग्रजीत होती. म्हणजे कुठल्याही देशातला असो, इंटरनेटवर बसून इंग्रजीत सव्वाशे प्रश्न सोडवणारा माणूस तसा एकमेकांसारखाच असणार, त्यामुळे साम्य थोडं फुगलेलं असू शकतं. तरी फरक छोटा आहे हे दुसऱ्या अभ्यासांतूनही येतच राहतं, त्यामुळे दोनाचे चार झाले तरी गोष्ट फारशी बदलत नाही.

जपानी लोक कामचुकार आहेत म्हणे!

हा सगळ्या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

२००७ मध्ये डेव्हिड श्मिट आणि बऱ्याच देशांतल्या संशोधकांनी मिळून ५६ देशांतल्या १७,८३७ लोकांचे स्कोअर छापले. एकच प्रश्नावली, २८ भाषांत भाषांतर केलेली. काटेकोरपणाच्या यादीत वरती काँगो आणि इथिओपिया, आणि अगदी तळाला कोण, तर जपान. जिथे ट्रेन मिनिटभर लेट झाली तर माफी मागतात तो जपान. आता दोनच शक्यता, एक तर जगाचा जपानबद्दल मोठा गैरसमज झालाय, नाहीतर मोजपट्टीत घोळ आहे.

घोळ कुठे असू शकतो बघा. "मी कामं वेळेवर करतो" याला किती मार्क द्यायचे हे ठरवताना माणूस मनात कोणाशी तुलना करतो? अख्ख्या जगाशी तर नक्कीच नाही. शेजारी, ऑफिसातले सहकारी, घरातली मोठी माणसं यांच्याशी. जिथे आजूबाजूचे सगळेच घड्याळाच्या काट्यावर चालणारे तिथे दोन मिनिटं उशिरा येणारा स्वतःला गबाळा समजून २ देतो, आणि जिथे तासभर उशीर हीच वेळ मानतात तिथे अर्ध्या तासाने पोचणारा खुशाल ५ देऊन मोकळा होतो. वासरात लंगडी गाय शहाणी, झालं. स्टीव्हन हाइन आणि इतरांनी २००२ मध्ये हा मुद्दा नीट मांडला, त्याला संदर्भगटाचा परिणाम म्हणतात.

बरं, मग काटेकोरपणा लोकांना न विचारता मोजता येईल का? येतो. रॉबर्ट लेव्हिन आणि आरा नोरेन्झायन यांनी १९९९ मध्ये ३१ देशांतल्या मोठ्या शहरांत तीन साध्या गोष्टी बघितल्या होत्या: लोक फुटपाथवर किती भराभर चालतात, पोस्टातला कारकून एक तिकीट द्यायला किती वेळ लावतो, आणि सार्वजनिक ठिकाणची घड्याळं किती बरोबर असतात. घड्याळात स्वित्झर्लंड पुढे, तसंच अपेक्षित होतं म्हणा. पुढे २००८ मध्ये हाइन आणि मंडळींनी हे आकडे घेऊन देशांच्या स्वभाव-स्कोअरशी ताडून बघितले. लोकांनी स्वतःला दिलेले काटेकोरपणाचे मार्क आणि घड्याळं-पोस्ट-चाल यांचा मेळ बसला नाही. उलट "तुमच्या देशातले लोक साधारण कसे आहेत" या प्रश्नाच्या उत्तरांशी मात्र चांगला बसला.

इथे कोणीतरी म्हणेल, चला, प्रश्न सुटला, सगळा दोष तुलनेचा. तेवढं सोपं नाहीये. २०१२ मध्ये रेने म्योत्तुस आणि सहकाऱ्यांनी २१ देशांत एक युक्ती केली, सगळ्यांना काही काल्पनिक माणसांची तीच वर्णनं वाचायला दिली आणि यांना किती काटेकोर म्हणाल ते विचारलं. प्रत्येक देशाची मोजपट्टी खरंच वेगळी असती तर एकाच काल्पनिक माणसाला कुठे २ आणि कुठे ५ मिळायला हवे होते. पण मार्क बऱ्यापैकी सारखेच आले आणि देशांची क्रमवारी जवळपास होती तशीच राहिली! मग त्यांनी दुसरी गोष्ट तपासली. काही समाजांत लोक सरळ १ किंवा ५ वर टिक करतात, काही समाजांत टोकाला जायचंच नाही, आपलं ३ बरं, अशी सवय असते. या सवयीचा हिशोब वजा केल्यावर काटेकोरपणाची यादी थोडी जास्त पटण्यासारखी झाली. म्हणजे घोळ एक नाही, दोन-तीन एकात एक अडकलेले आहेत, आणि 'सगळ्यात कष्टाळू देश' वगैरे नकाशे हे सगळं गुंडाळून तुमच्या हातात देतात.

पण सगळ्या जगाला दिसतंय ते खोटं कसं असेल?

हा प्रश्न हमखास येतो. इतके लोक इतक्या वर्षांपासून म्हणताहेत, काहीतरी असेलच ना.

२००५ मध्ये अँटोनियो टेराचियानो आणि इतर बऱ्याच जणांनी सायन्स या नियतकालिकात याचंच उत्तर दिलं. ४९ संस्कृतींतल्या ३,९८९ जणांना विचारलं की तुमच्याकडचा टिपिकल माणूस कसा असतो, आणि ते चित्र तिथल्याच खऱ्या माणसांच्या स्कोअरशी लावून बघितलं. मेळ जवळपास शून्य. कॅनडा आणि अमेरिकेचं उदाहरण तर ऐकण्यासारखं आहे. कॅनडावाले स्वतःला शांत, सोशिक समजतात, अमेरिकावाले स्वतःला रोखठोक, वरचढ. दोन्हीकडच्या लोकांचे स्कोअर काढले तर जवळजवळ एकसारखे!

आता चाणाक्ष वाचक इथे मला पकडेल. आत्ताच तर सांगितलं की काटेकोरपणात लोकांच्या मनातलं चित्र घड्याळांशी जुळलं, आणि आता म्हणतोय चित्र चुकीचं. बरोबर पकडलंत. हा वाद अजून मिटलेला नाही, टेराचियानोंच्या गटाचं म्हणणं की स्कोअर बरोबर आणि चित्र चूक, हाइनच्या गटाचं म्हणणं की ज्या स्कोअरशी तुम्ही चित्र लावताय तेच डळमळीत आहेत. माझं मत विचाराल तर काटेकोरपणासारख्या, बाहेरून वागण्यात दिसणाऱ्या गोष्टीत हाइनची बाजू वजनदार वाटते. मनमिळाऊपणा किंवा चिंतातुरपणा ह्या आतल्या गोष्टींत मात्र परक्याबद्दलची आपली चित्रं म्हणजे बरेचदा उचलली जीभ लावली टाळ्याला.

हे पाच नळ तरी सगळ्यांच्यात असतात का?

वर डिक्शनरी म्हटली ती इंग्रजी होती, हे विसरू नका. जोसेफ हेनरिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी २०१० मध्ये हेच खडसावून सांगितलं की मानसशास्त्राचे बहुतेक निष्कर्ष श्रीमंत, शिकलेल्या, पाश्चात्त्य समाजातल्या मूठभर लोकांवरून काढलेले आहेत, आणि त्यात परत मोठा वाटा कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा.

मग कोणी खरंच दूर जाऊन बघितलं का? बघितलं. बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचा समाज राहतो, थोडी शेती, थोडी शिकार, बरेच जण लिहिता-वाचता न येणारे. मायकेल गुर्व्हेन आणि सहकाऱ्यांनी ६३२ जणांशी त्यांच्या भाषेत बोलून हीच प्रश्नावली घेतली आणि २०१३ मध्ये निकाल छापला. पाच गठ्ठे दिसलेच नाहीत. दोन दिसले, एक लोकांशी चांगलं वागण्याचा आणि एक कामसूपणाचा. विचार केला तर पटतं, छोट्या गावात, जिथे सगळे जवळपास एकच काम करतात, तिथे माणूस चांगला आहे का आणि कामाचा आहे का एवढंच बघायचं असतं. शेकडो तऱ्हेचे धंदे आणि नोकऱ्या असतील तिथे स्वभावाचेही जास्त कप्पे पडतात, असा एक अंदाज आहे.

उलट बाजूने, हाँगकाँगमध्ये फॅनी च्युंग यांनी चिनी लोकांसाठी मुळापासून नवी प्रश्नावली बनवली तेव्हा एक असा गठ्ठा मिळाला जो पाचात कुठेच नीट बसेना. मान राखणं, देण्याघेण्याचे संबंध सांभाळणं, चारचौघांत बिघाड होऊ न देणं, असं सगळं त्यात. इंग्रजी डिक्शनरीतून सुरुवात करणाऱ्यांना तो प्रश्न विचारायचं सुचलंच नसतं.

आणि एक निव्वळ प्रॅक्टिकल अडचण आहे, तिच्याकडे कोणी फार बघत नाही. २०१९ मध्ये राशिद लाजाज आणि सहकाऱ्यांनी २३ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या ९४,७५१ लोकांचा डेटा तपासला, घरोघरी जाऊन समोरासमोर विचारलेला. तिथे हे प्रश्न जे मोजायला हवं ते मोजतच नव्हते. समोर बसलेल्या अनोळखी माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून लोक हो हो करत जातात, "मी बोलका आहे" ला हो, "मी अबोल आहे" ला पण हो. पण त्याच देशांतल्या ज्यांनी आपणहून इंटरनेटवर टेस्ट दिली त्यांच्यात मात्र पाच गठ्ठे व्यवस्थित दिसत होते.

म्हणजे जागेचा काहीच परिणाम नाही?

असं नाही. उलट मला तर वाटतं की देशादेशांपेक्षा एकाच देशातल्या भागाभागांची तुलना जास्त विश्वासाची आहे, कारण तिथे भाषा तीच, प्रश्न तेच, सर्रास ५ देणारे की ३ देणारे ही सवय पण साधारण तीच.

जेसन रेंटफ्रो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या १५ लाखांवर लोकांचे स्कोअर घेऊन तीन पट्टे काढले. मधला भाग मिळूनमिसळून राहणारा आणि परंपरेला धरून चालणारा, पश्चिमेकडचा निवांत आणि नव्याची ओढ असलेला, ईशान्येकडचा तापट आणि फटकळ. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या मदतीने जवळपास ४ लाख लोकांचा असाच अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात लंडनवाल्यांची नव्याची ओढ जास्त आणि मनमिळाऊपणा कमी निघाला.

का होत असेल असं? तीन कारणं पुढे येतात आणि तिन्ही एकमेकांत मिसळलेली आहेत. एक म्हणजे स्थलांतर, ज्याला नवं काही हवंय तो शहराकडे जातो, मागे राहतात त्यांची सरासरी आपोआप बदलते, कोणाचाही स्वभाव न बदलता. दुसरं, आजूबाजूचे बघून माणूस वळण घेतो. तिसरं, तिथलं काम आणि तिथली जमीन. इंग्लंड आणि वेल्समधल्या जुन्या कोळशाच्या पट्ट्यांत, जिथे एकेकाळी खाणी आणि मोठे कारखाने होते, आजही चिंतातुरपणा जास्त आणि काटेकोरपणा कमी दिसतो असं मार्टिन ओब्शोंका आणि मंडळींनी २०१८ मध्ये दाखवलं. खाणी बंद होऊन किती काळ लोटला, तरी! सावली म्हणतात ती ही. कठीण काम, मग बेकारी, आणि ज्यांना जमलं ते निघून गेले, या तिन्ही गोष्टी त्या एका आकड्यात गोळा झालेल्या आहेत.

शेतीचं उदाहरण त्याहून चमत्कारिक. चीनमध्ये यांगत्से नदीच्या दक्षिणेला पारंपरिक भात, उत्तरेला गहू. भाताला पाणी लागतं, पाटाचं पाणी वाटून घ्यावं लागतं, लावणी-कापणीला एकमेकांकडे जावं लागतं, म्हणजे शेजाऱ्याशी भांडून भागत नाही. गव्हाला तेवढी गरज नाही. थॉमस टॅल्हेम यांनी २०१४ मध्ये म्हटलं की म्हणूनच दक्षिणेकडचे लोक जास्त नात्यागोत्याने विचार करणारे आणि उत्तरेकडचे जास्त आपापले. पुढे २०१८ मध्ये त्यांच्या टीमने कॉफी शॉपमध्ये मुद्दाम वाटेत खुर्च्या अडकवून ठेवल्या आणि बघत बसले. उत्तरेकडच्या शहरांत जास्त लोकांनी खुर्ची सरकवली, दक्षिणेकडे जास्त लोक अंग चोरून मधून निघून गेले. आणि हे करणारे शहरी मध्यमवर्गीय, त्यांनी आयुष्यात कधी लावणी केली नसणार.

यावर टीका खूप झाली, उत्तर-दक्षिणेत काय फक्त पिकाचाच फरक आहे का, हवा आहे, इतिहास आहे, श्रीमंती आहे. रास्त टीका. मग २०२४ मध्ये निंगशिया प्रांतातल्या दोन सरकारी शेतांचा अभ्यास आला, जिथे कुटुंबांना कोणी भातावर आणि कोणी गव्हावर असं सरकारनेच वाटून दिलेलं होतं, ज्याने त्याने निवडलेलं नव्हतं. हवा तीच, प्रांत तोच. तरी फरक त्याच दिशेने दिसला. हा सगळा बिग फाइव्हचा स्कोअर नाही, विचार करायची सवय आहे, पण जागा माणसावर काम करते याचा इतका स्वच्छ पुरावा मी तरी दुसरा बघितलेला नाही. डोंगराळ भाग, हवेचं तापमान यांवरचेही अभ्यास आहेत, २०२० चा डोंगरांवरचा तर अमेरिकेतल्या ३० लाखांहून जास्त लोकांवरचा आहे, पण परिणाम इतका बारीक की त्यावरून एका माणसाबद्दल काही म्हणण्यात अर्थ नाही.

भातावरून शिताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा आपल्याला माहितीये. इथे उलटी चूक होते, सरासरीवरून माणूस ओळखायची. १९५० मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी १९३० च्या अमेरिकन जनगणनेवरून हे दाखवलं होतं. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त त्या राज्यांत साक्षरता जास्त. वाचून वाटेल की बाहेरून आलेले लोक जास्त शिकलेले होते. पण माणूस-माणूस धरून बघितलं तर बाहेरून आलेल्यांत निरक्षर जास्त होते! झालं एवढंच होतं की ते जिथे कामधंदा चांगला अशा राज्यांत जाऊन राहिले आणि तिथले मूळचे लोक आधीच शिकलेले होते.

स्वभावाच्या नकाशाचं तसंच. अमुक भागात नव्याची ओढ जास्त आणि तिथे नवे धंदेही जास्त, यावरून धंदा काढणारी माणसं तीच ओढ असलेली आहेत असं ठरत नाही.

मी तिकडे राहायला गेलो तर माझा स्वभाव बदलेल?

थोडा बदलेल, आणि कदाचित भाषा बदलली तरी बदलेल. २००६ मध्ये नैरान रामिरेझ-एस्पार्झा आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या लोकांना दोन्ही भाषांत तीच टेस्ट दिली, तर इंग्रजीत देताना तीच माणसं जरा जास्त बहिर्मुख निघाली.

आणि जागा न सोडताही बदल होतोच. फिनलंडमध्ये सैन्यात भरतीच्या वेळी तरुणांची स्वभाव-चाचणी घेतात, त्यामुळे त्यांच्याकडे वर्षानुवर्षांचा डेटा पडून होता. मार्कस योकेला आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १९६२ ते १९७६ या काळात जन्मलेल्या ४ लाखांहून जास्त जणांचे निकाल काढले. तोच देश, तीच थंडी, तीच टेस्ट, आणि दर वर्षीच्या पोरांचा आत्मविश्वास, मिसळण्याची आवड हळूहळू वर चढत गेलेली. म्हणजे राष्ट्रीय स्वभाव म्हणून आपण जे दगडावर कोरल्यासारखं सांगतो ते एका पिढीच्या आतच सरकत असतं.

याने माझ्या आयुष्यात काय फरक पडतो?

नोकरीच्या वेळी पडतो. बऱ्याच कंपन्या अशा टेस्ट घेतात आणि कधी कधी एकच टेस्ट सगळ्या देशांतल्या उमेदवारांना देतात. रिपोर्टमध्ये येतं, काटेकोरपणा ३० पर्सेंटाइल, म्हणजे १०० मधले ३० तुमच्या खाली. पण कुठले १००? तुमच्याच देशातले की दुसऱ्या कुठल्या? तुमच्या वयाचे, की कॉलेजातली पोरं? त्या तुलनेच्या गटाला नॉर्म ग्रुप म्हणतात, आणि गट बदलला की तुमच्या उत्तरात एक अक्षर न बदलता ३० चे ५५ होऊ शकतात. हा गट कुठला ते चांगल्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं, बहुतेक अगदी तळाला बारीक अक्षरात. तिथे बघा, आणि नसेल लिहिलेलं तर ज्याने रिपोर्ट पाठवलाय त्याला सरळ मेल करून विचारा.